ॲक्रिलिक रंग चिकट राहतो किंवा पापुद्रे सुटतात: गोव्यातल्या नवशिक्यांसाठी क्रमवार तपासणी

गोव्यात नव्याने ॲक्रिलिक शिकणाऱ्यांची जून ते सप्टेंबरमधली तक्रार ठरलेली असते. रंग नीट वाळत नाही, आणि वाळल्यासारखा वाटला तरी धरून राहत नाही. चवथीच्या मखराची मागची फळी, रंगवलेली करवंटी, काचेची बाटली, पहिला बारा बाय सोळा इंचाचा कॅनव्हास, वस्तू कुठलीही असो, बिघाड तोच. मग दोष ट्यूबला लागतो, दुप्पट किमतीचा संच येतो, आणि त्याच खोलीत त्याच पृष्ठभागावर तोही तसाच सुटतो. रंगात खोट क्वचितच असते. बिघाड रंगाच्या खाली असतो नाहीतर रंगाच्या भोवतीच्या हवेत, आणि तो शोधायला सहसा एक पैसाही लागत नाही.

लक्षणं

आपल्या चित्राला यांपैकी नेमकं काय झालंय ते आधी ठरवा. नावं एकसारखी वाटली तरी कारणं वेगळी आहेत.

- आठवडा उलटला तरी बोट टेकवल्यावर चिकटतं, ठसा उमटतो.
- समोरासमोर ठेवलेली दोन चित्रं एकमेकांना चिकटली, किंवा वर झाकलेल्या वर्तमानपत्राचा कागद रंगाला धरून बसला.
- नखाने कोपरा उचलला की रंग प्लॅस्टिकच्या कागदासारखा अखंड सोलून येतो.
- ओलं बोट फिरवलं की रंगाची भुकटी बोटाला लागते.
- दुसरा हात देताना पहिला थर ब्रशबरोबर उचलला जातो आणि मधोमध भोक पडतं.
- जाड लावलेल्या भागावर बारीक भेगांचं जाळं.
- पिवळट, साबणासारखे ओघळ.
- कॅनव्हासच्या पाठीवर करडे-काळे ठिपके.
- वार्निश दुधाळ झालं.

पहिली दोन लक्षणं वाळण्याची आहेत, पुढची तीन पकडीची. उरलेली बहुतेक याच दोहोंमधून निघतात.

रंग वाळतो म्हणजे काय होतं

एवढं समजलं की खालच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत. ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांत मिसळलेलं रंगद्रव्य. पाणी निघून गेलं की कण एकमेकांना भिडतात, दबतात आणि त्यांचा सलग पडदा तयार होतो. पाण्याला जायला वाटा दोनच: वर हवेत आणि खाली पृष्ठभागात. आषाढात पणजी-म्हापशाकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाणं नेहमीचं आहे, आणि ॲक्रिलिकसाठी साधारण ७५ टक्क्यांच्या आतली हवा बरी. म्हणजे वरची वाट अर्धी बंदच झालेली. त्यात खाली काच असेल, तेलकट लाकूड असेल किंवा आधीच ओली भिंत असेल, तर दुसरी वाटही बंद. पाणी आत अडकतं आणि कण अर्धवट जुळलेले राहतात.

दुसरी गोष्ट, बोटाला कोरडा लागलेला रंग आतून वाळलेला असेलच असं नाही. कोरड्या हवेत पातळ थर दहा-वीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो. पण आतलं उरलेलं पाणी आणि कण जुळवायला कारखान्यात घातलेली सावकाश उडणारी द्रव्यं निघायला कित्येक दिवस लागतात. पाव इंच जाडीच्या थराला महिनेच्या महिने लागू शकतात.

तिसरी गोष्ट: ॲक्रिलिकचा पडदा उष्णतेने मऊ पडतो, आणि तो मऊ पडायचं तापमान आपल्या खोलीच्या तापमानाच्या आसपासच आहे. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पारा ३३-३४ अंशांवर गेला की पूर्ण वाळलेलं चित्रही हाताला किंचित चिकट लागतं. हा रंगाचा स्वभावच आहे. त्यासाठी चित्र खरवडू नका. ते कशाला टेकणार नाही एवढं पाहा.

आधी पापुद्र्याची पाठ पाहा

रंग सुटत असेल तर तपासणी सुरू करण्याआधी एक पापुद्रा उचला, उलटा करा आणि खिडकीच्या उजेडात नीट बघा. ही एक कृती अर्ध्याहून जास्त काम करते.

पाठ स्वच्छ आणि चकचकीत असेल तर रंगाने खालचा पृष्ठभाग धरलाच नव्हता: काच, गुळगुळीत प्लॅस्टिक, जुना ऑइल पेंट, तेलाचा हात. पाठीला पांढरी भुकटी चिकटून आली असेल तर रंग चांगला आहे, खालचं अस्तर कच्चं आहे. लाकडाचे तंतू किंवा मातीचा थर आला तर वस्तूत ओल आहे. निळ्याखालचा पिवळा जागेवरच राहिला आणि फक्त निळा सुटला, तर दोन थरांच्या मध्ये काहीतरी आलंय: धूळ, मीठ, नाहीतर पुरता न वाळलेला थर. काय दिसलं ते लिहून ठेवा, पुढे लागेल.

१. हवा आणि वेळ

चित्र चिकट आहे म्हणून त्यावर काहीही लावण्याआधी ते फक्त ठेवून बघा. पंख्याखाली, पण वारा थेट तोंडावर येणार नाही असं, भिंतीपासून हातभर दूर, चारही बाजूंनी हवा लागेल असं उभं. कौलारू घरात बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं चित्र सगळ्यांत उशिरा वाळतं, कारण चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते आणि आतल्या बाजूने सोडत राहते. बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, ठेवू नका. तिथे वारा असतो, पण तो वाराच ओला असतो.

खोलीतली आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र चार-पाचशे रुपयांच्या आत मिळतं. पावसाळ्यात रंगवणार असाल तर नव्या ब्रशाआधी ते घ्या. आकडा ७५ च्या खाली असेल तेव्हा रंगवा. वर असेल तर खिडक्या बंद करून एसी असल्यास तो ‘ड्राय’वर तास-दोन तास चालवा, मग बसा. एसी नसेल तर पाऊस थांबून ऊन पडलेली दुपार धरा. पहाटे आणि रात्री हवा सगळ्यांत ओली असते, आणि नोकरी करणारे नेमके तेव्हाच रंगवतात.

हेअर ड्रायर चालतो, पण पातळ थरालाच, कमी उष्णतेवर, फूटभर अंतरावरून आणि सतत हलवत. जाड थरावर गरम हवा मारली की वर साय धरते, आतलं पाणी कोंडतं आणि नंतर ती साय आकसून फाटते. भेगांचं जाळं पुष्कळदा असंच आलेलं असतं.

तीन-चार कोरड्या दिवसांत चिकटपणा गेला तर प्रश्न तिथेच संपला. पुढे जायची गरज नाही.

२. रंगात काय मिसळलंत

रंग लवकर वाळतो म्हणून त्यात ग्लिसरीन घालायची युक्ती सर्रास सांगितली जाते. घरचं चिकट चित्र बहुतेकदा इथूनच आलेलं असतं. ग्लिसरीन व्यवहारात उडून जात नाही, उलट हवेतलं पाणी ओढून धरतं. जानेवारीत अशी चित्रं बरी दिसतात आणि जूनमध्ये घाम फुटल्यासारखी होतात. थरात गेलेलं ग्लिसरीन काढता येत नाही. वाळण्याचा वेग कमी करायचा असेल तर त्यासाठीचं रिटार्डर वापरा, तेही डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. जास्त घातलं तर तेही कायमचा चिकटपणा देतं. खरं तर गोव्याच्या पावसाळ्यात रिटार्डरची गरजच नसते, हवाच ते काम करते.

मग पाणी. काचेवर, लाकडावर, कुठल्याही न शोषणाऱ्या पृष्ठभागावर तीन भाग रंगाला एक भागापेक्षा जास्त पाणी घालू नका. कण पाण्यात फार विखुरले की सलग पडदा बनत नाही, आणि ओल्या बोटाला भुकटी लागते ती त्यामुळे. जेसो (रंगाखाली द्यायचं पांढरं अस्तर) लावलेल्या कॅनव्हासवर किंवा जाड कागदावर याहून पातळ रंग चालतो, कारण तिथे रंग खालच्या छिद्रांत मुरून धरला जातो. जलरंगासारखा पारदर्शक परिणाम हवा असेल आणि पृष्ठभाग शोषणारा नसेल, तर पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम घाला. त्यात रंगद्रव्य नसतं, बांधणारं द्रव्य असतं.

पाणी कुठलं, हेही बघा. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं. ते ब्रश धुवायलाही नको. पिण्याचं पाणी घ्या. भांडी घासायचा साबण रंगात मिसळू नका. लिंबू, व्हिनेगर तर नकोच: हा रंग किंचित अल्कधर्मी असतो, आम्ल पडलं की तो गुठळ्या धरतो.

खात्री करून घ्यायची असेल तर एका काचेवर दोन ठिपके लावा, एक ट्यूबमधून थेट आणि एक तुम्ही नेहमी करता त्या मिश्रणाचा. दोन्ही सारख्याच जाडीचे. चार दिवसांनी पहिला कोरडा आणि दुसरा चिकट असेल तर दोष मिश्रणाचा. दोन्ही चिकट असतील तर खोलीचा.

३. थर किती जाड

नवशिका ट्यूब पिळतो आणि झाकलं जाईपर्यंत थापत राहतो. पिवळा, नारिंगी आणि काही लाल रंगांची झाकण्याची ताकद मुळातच कमी असते. ते एका हातात कधीच झाकत नाहीत, कितीही थापले तरी. त्यांच्याखाली आधी पांढऱ्याचा किंवा पिवळ्या मातीच्या रंगाचा एक पातळ हात द्या, मग दोन-तीन पातळ हातांत काम होतं. पावसाळ्यात दोन हातांच्या मध्ये किमान दोन-तीन तास जाऊ द्या. कोरड्या दिवसांत अर्धा तास पुरतो. हाताची पाठ टेकवून बघा: गार लागलं तर आत अजून पाणी आहे. खालचा थर ब्रशबरोबर उचलला जातो तो याच घाईने. अर्धवट वाळलेला थर नव्या पाण्याने पुन्हा मऊ होतो आणि ब्रशच्या केसांना धरतो.

एकाच जागी पुन्हापुन्हा ब्रश फिरवू नका. रंग ओढायला लागला की ब्रश उचला आणि थांबा.

४. तेल, मीठ, धूळ

पापुद्र्याची पाठ स्वच्छ आली असेल तर इथे नीट थांबा.

पृष्ठभागावर बोट ओलं करून पाण्याचा थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा गोळा होऊन बसला तर तेल आहे. तो पसरला तर बरं, मुरला तर उत्तम. करवंटीत खोबऱ्याच्या तेलाचा अंश राहतोच, म्हणून तिचं साल काढून बाहेरून १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, भांड्यांच्या साबणाने गरम पाण्यात धुवा, दोन दिवस वाळवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. देवघरातला जुना पाट, समईजवळची फळी, स्वयंपाकघरातली कपाटं यांनाही हेच. अल्कोहोल फक्त रंगवण्याआधी. वाळलेल्या ॲक्रिलिकला ते लागलं तर रंग विरघळून बोळ्यावर येतो.

काच आणि चकचकीत फरश्यांवर साधं ॲक्रिलिक दिसायला बसतं, धरत नाही. ओलं फडकं फिरवलं की आठवड्याभरात सुटतं. काचेसाठीचा प्रायमर किंवा मुद्दाम काचेसाठी बनवलेला रंग घ्या, आणि अशी बाटली फक्त शोभेची समजा.

मिठाचा विचार फारसं कुणी करत नाही. मोरजी, कळंगुट, कोलवा, बाणावलीसारख्या किनाऱ्याच्या गावांत वाऱ्याबरोबर येणारं मीठ सगळ्यावर बसतं, उघड्या ठेवलेल्या कोऱ्या कॅनव्हासवरही. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. म्हणजे रंगाखाली किंवा दोन थरांच्या मध्ये मीठ अडकलं तर प्रत्येक पावसाळ्यात तिथे ओल तयार होणार. डोळ्यांना ते दिसत नाही. उपाय सोपा: रंगवण्याआधी आणि काही दिवसांनी काम पुन्हा हाती घेताना स्वच्छ पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, मग सुरू करा. कोरा कॅनव्हास प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. शिंपले रंगवणार असाल तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून, भिजत घाला. सत्तरी, डिचोलीकडे, आत डोंगराच्या बाजूला ही तपासणी सहसा सोडता येते.

पिवळट साबणासारखे ओघळ दिसले तर घाबरायचं कारण नाही. रंगात मुळातच असलेली साबणासारखी द्रव्यं सावकाश वाळताना वर येतात आणि दमट हवेत ओघळतात. चित्र पूर्ण वाळल्यावर ओल्या फडक्याने निघतात.

५. अस्तर

पापुद्र्याच्या पाठीला पांढरी भुकटी आली असेल तर कारण हेच.

ॲक्रिलिक जेसो म्हणजे ॲक्रिलिक, खडूची भुकटी आणि पांढरं रंगद्रव्य. त्याचं काम दुहेरी: खाली धरायचं आणि वर रंगाला धरायला खरखरीतपणा द्यायचा. महाग वाटतो म्हणून लोक पांढऱ्या गोंदात खडू किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिस कालवून घरीच अस्तर करतात. कोरड्या प्रदेशात ते काही वर्षं निभावून जातं. इथे नाही. लाकडाला वापरतो तो साधा पांढरा गोंद ओलीने पुन्हा मऊ पडतो, त्यामुळे वरचा रंग कितीही चांगला असला तरी खालची जमीनच सरकते. भिंतीचा डिस्टेंपर अस्तर म्हणून वापरला तरी हेच होतं, तो ओल्या बोटाला भुकटी देतो. पोस्टर कलरवर ॲक्रिलिक लावू नका, पोस्टर कलर पाण्याने पुन्हा विरघळतो. आणि ऑइल पेंटवर ॲक्रिलिक कधीच नको. उलट क्रम चालतो.

तयार कॅनव्हास घेतला असेल तर कडेच्या दुमडीवर ओलं बोट जोरात घासा. पांढरं निघालं तर त्याचं अस्तर कच्चं आहे. ते सुटतंच आहे तर त्यावर चांगला जेसो देऊन फायदा नाही, वरचा जेसोही त्याच्यासकट सुटेल. तो कॅनव्हास सरावाला ठेवा. अस्तर पक्कं असेल, पण पाणी अजिबात मुरत नसेल, तर वर जेसोचा एक हात द्या.

जेसो कसा लावायचा: बारा बाय सोळा इंचाला एका हाताला साधारण १५ ते २० मिली पुरतो. पहिल्या हातात दहा टक्के पाणी. पहिला हात आडवा, दुसरा उभा. मध्ये कोरड्या दिवसांत दोन तास, पावसात रात्रभर. लाकडाला तीन हात. शेवटचा वाळल्यावर २२० च्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ पुसायची राहून जाते आणि पकड तिथेच सुटते. मग घाई न करता तीन दिवस थांबा. जेसो वरून कोरडा लागला तरी आत पाणी असतं, आणि त्यावर रंग चढवला की खालची वाट बंद होते.

पकड मोजायची असेल तर कोपऱ्यात किंवा त्याच पद्धतीने केलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर रंग तीन दिवस वाळू द्या. ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा कापा. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबा, दीड मिनिटाने तिला मागे दुमडून एका झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पकड चांगली. कडा किंचित उडाल्या तरी चालेल. अख्खे चौकोन पट्टीवर आले तर पुढचं चित्र त्या पृष्ठभागावर सुरू करू नका.

६. वस्तूच्या आतली ओल

इथून पुढे वेळ लागतो. लाकूड, माती आणि भिंत यांच्या पोटातलं पाणी रंगाला मागून ढकलतं. तेव्हा वरून काहीही केलं तरी उपयोग नाही.

मातीचं मडकं बाहेरून रंगवलं आणि आत झाड लावलं की पाणी आतून झिरपून रंगाच्या पाठीशी येतं, रंग फुगतो आणि सुटतो. आतल्या बाजूने जलरोधक थर दिल्याशिवाय मडकं रंगवू नका, किंवा आत वेगळी प्लॅस्टिकची कुंडी ठेवा. मखराची प्लायवूडची फळी श्रावणात दुकानातून आणली की लगेच रंगवू नका. एका बाजूला रंग आणि दुसरी उघडी असेल तर ती ओल पिऊन वाकते, म्हणून पाठीला आणि चारही कडांना किमान जेसोचा एक हात द्या.

भिंतीवर चित्र काढायचं असेल तर आधी ही चाचणी: दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक पॉलिथिनचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि अख्खा दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे कण दिसले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती हवेतली ओल आहे आणि पहिल्या तपासणीतले उपाय पुरतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर किमान महिनाभर थांबा, पावसाळ्यात त्याहून जास्त. गिलाव्यातला अल्क आणि पाणी दोन्ही रंगाला मारक आहेत. पांढरा लोणा फुटलेल्या भिंतीवर रंग टिकत नाही. लोणा कोरड्या ब्रशाने झाडा, पाण्याने धुऊ नका, नाहीतर तेच क्षार परत आत मुरतात. मग पाणी कुठून येतंय ते शोधा.

७. शेवटी रंग

एवढं सगळं पाहून झाल्यावरच ट्यूबकडे वळा. झाकण उघडल्यावर कुजकट वास, दह्यासारख्या गुठळ्या, किंवा ढवळूनही पाणी आणि रंग वेगळेच राहणं, या तिन्हींपैकी एक असेल तर ट्यूब टाका. पाणी घालून ती सुधारत नाही. नुसतं वर पाणी आलं असेल आणि ढवळल्यावर एकजीव होत असेल तर रंग ठीक आहे. गाडीत उन्हात राहिलेला संच आधी तपासा. हस्तकलेचे पंधरा मिलीच्या बाटल्यांतले रंग आणि चित्रकारांसाठीचे ट्यूबमधले रंग एकाच चित्रात चालतात, पण हस्तकलेच्या रंगांत रंगद्रव्य कमी असतं, म्हणून जाड थापायचा मोह होतो. सुरुवातीला चोवीस बाटल्यांच्या संचापेक्षा सहा चांगल्या ट्यूब घ्या: पांढरा, पिवळा, लाल, अल्ट्रामरीन, थॅलो निळा आणि बर्न्ट अंबर. उरलेले पैसे जेसोला लावा.

वार्निश आणि ठेवणं

पावसाळ्यात पूर्ण झालेल्या चित्राला पावसाळ्यातच वार्निश देऊ नका. आतलं पाणी कोंडतं, आणि ओल्या हवेत वार्निश स्वतःही दुधाळ होतं. ऑक्टोबर सरू द्या, हवा कोरडी पडू द्या. पातळ थरांच्या चित्रालाही किमान दोन-तीन आठवडे, जाड थरांना त्याहून पुष्कळ. नुकतंच दुधाळ झालेलं वार्निश कधीकधी कोरड्या खोलीत आठवड्याभरात स्वच्छ होतं. तोवर त्यावर दुसरा हात चढवू नका.

चित्रं एकावर एक रचू नका. उभी ठेवा, मध्ये बोटभर अंतर सोडा. कागद घालावाच लागला तर सिलिकॉनचा थर असलेला बेकिंगचा कागद. वर्तमानपत्र चिकटतं, आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या गोल खुणा उमटतात. भिंतीवर टांगताना मागच्या चारही कोपऱ्यांना सेंटीमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा. मागून हवा खेळली की बुरशी सहसा धरत नाही. धरली असेल आणि तळहाताएवढीच असेल, तर चित्र बाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून, पूर्ण वाळल्यावर मऊ कोरड्या ब्रशाने झाडा. ओलं फडकं तिला पसरवतं.

दोन चित्रं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. एसीच्या गार खोलीत दोन-तीन तास ठेवा, गारव्याने रंग कडक होतो. मग एका कोपऱ्यातून अगदी सावकाश, फटीत बेकिंगचा कागद सरकवत पुढे जा. ‘टिक’ असा आवाज येऊन रंग तुटू लागला, तर तिथेच हात थांबवा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

स्वतःच्या सरावाच्या चित्रावर वाटेल ते करून बघा. पुढच्या ठिकाणी मात्र नको.

जुन्या घरांची दारं-खिडक्या ॲक्रिलिकने रंगवायची हौस हल्ली वाढलीय. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, जाळू नका, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हातही लावू नका. रंगाची तपासणी करून घ्या आणि काढायचं काम ते सुरक्षितपणे करणाऱ्यावर सोपवा.

पॉलिथिनच्या चाचणीत भिंतीतून पाणी आलं तर ते काम गवंड्याचं आणि जलरोधन करणाऱ्याचं आहे. छप्पर, पन्हळ, जोत्याची ओल, फुटलेला नळ, यांपैकी काय ते ठरल्याशिवाय चित्राला हात नको.

देवळातल्या किंवा जुन्या घरातल्या चुन्याच्या भिंतीवर तांबड्या मातीची कावी (भिंतीवरची पारंपरिक नक्षी) असेल आणि ती झडत असेल, तर ॲक्रिलिकने डागडुजी अजिबात करू नका. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडत जगते. त्यावर प्लॅस्टिकचा पडदा चढला की ओल मागे अडकते आणि पुढच्या काही पावसाळ्यांत चुन्यासकट सगळं खाली येतं. हेच वडिलोपार्जित चित्रांचं, लाकडी रंगीत मूर्तींचं आणि कुणाकडून विकत किंवा भेट मिळालेल्या चित्रांचं. पापुद्रे गोंदाने चिकटवू नका, वार्निशने दाबू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला सांस्कृतिक मंत्रालयाची संवर्धन प्रयोगशाळा आहे. इथे कोणाकडे जावं हे पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात विचारता येतं.

बुरशी दोन-तीन चित्रांवर पसरली असेल, किंवा घरात कुणाला दमा असेल, तर झाडझूड स्वतः करू नका. चित्रं पॉलिथिनमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा, आणि तशीच आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, आत ती वाढते.

जाणकाराकडे जाताना सुटलेले पापुद्रे पाकिटात जपून न्या, एकही फेकू नका. दिवसाउजेडात समोरून एक आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात एक असे दोन फोटो काढा, चित्राच्या पाठीचाही एक. कुठला रंग, कुठलं अस्तर, काय मिसळलं होतं, केव्हा रंगवलं, केव्हा सुटायला लागलं आणि आजवर त्यावर काय काय लावून पाहिलं, हे एका कागदावर लिहा. ग्लिसरीन घातलं असेल तर तेही लिहा, कारण उपाय त्यावरून बदलतो.